बांधावरची वेडी बाभूळ

सारजाबाई हर्सूलच्या शेतात आली, तर शेजारचा भिकन तिच्या बांधावरची वेडी बाभूळ पहारीनं उपटत होता. मागं बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"बांध सरकवायचाय व्हय रे?" तिनं दरडावलं.

"नाय काकू. हिच्या मुळ्या तुमच्या विहिरीत शिरल्यात."

"माझ्या विहिरीत डोकवायचं तुला काय काम?"

भिकननं पहार बुंध्याखाली घातली. सारजाबाईनं विहिरीत वाकून पाहिलं. चिरे खरंच पुढं आले होते, फटींतून मुळ्या लोंबत होत्या. तरी तिचं मन मानेना. हा माणूस फुकट घाम गाळणारा नाय.

"खरं सांग," ती म्हणाली.

भिकननं मान खाली घातली. "तुमी नसताना मेंढरं पाजतो इथं. लई दिवस झाले. विहीर ढासळली तर उन्हाळ्यात कुठं नेऊ त्यांना?"

चोरी कबूल केल्यावर कुठं सारजाबाईला त्याचं बोलणं पटलं. तिनं पदर खोचला आणि पहारीवर भार दिला. बुंधा कडकडत मुळासकट वर आला.

"पाज मेंढरं," धापा टाकत ती म्हणाली, "पण मी असताना."