मधल्या नळ्या

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर काड्यापेट्या मांडलेल्या होत्या आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन निमूट जेवत होती. एकेक पेटी म्हणजे चाकांच्या चौकटीवर बसवलेलं एकेक सुटं यंत्र: रसायनं घडवायची दोन भांडी म्हणजे रिॲक्टर, एक गाळणी, एक ड्रायर. हवी तशी जोडा, माल काढा, सोडवा, दुसऱ्या मालासाठी पुन्हा जोडा. रसायनांच्या कारखान्यात उत्पादनाचं नियोजन घरातल्या थोरल्या मुलीकडे होतं. आज दहाला साहेब ठरवणार होते, ही सुटी यंत्रं घ्यायची की नेहमीसारखा एकच अजस्र रिॲक्टर. थोरलीची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती.

तिचे वडील, अण्णा, त्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवसापासून त्यांनी नाक मुरडलं होतं. "एकदा बसवलेलं भांडं हलवायचं नसतं. भातुकली आहे का ही?"

सकाळी चहा पिता पिता मात्र त्यांनी सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं. सोमवारी निळा रंग. थोरलीनं पेट्या सरकवल्या. मंगळवारी पांढरं इमल्शन. पुन्हा सरकवल्या.

"आणि मधल्या नळ्या कुठायत?" अण्णांनी विचारलं.

थोरलीचा हात जागीच थांबला. पेटीला पेटी टेकवली की झालं. यंत्रांचं तसं नसतं. जोडायच्या नळ्यांचा संच तिनं एकच धरला होता, आणि निळा रंग वाहिलेली नळी धुऊन वाळायला अख्खा दिवस जातो. पांढरा माल निळसर निघाला असता.

"मेले!" म्हणत ती मटकन खुर्चीत बसली.

अण्णा हसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी पेट्या इकडच्या तिकडे केल्या. "पांढरा आधी घे, मग पिवळा, निळा शेवटी. मोठी धुलाई एकदाच, रविवारी. आणि नळ्यांचा आणखी एक संच मागून घे. मागताना लाजू नकोस."

साडेअकराला साहेबांनी होकार दिला. नळ्यांचं कुणाला सुचलं, हेही थोरलीनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

संध्याकाळी ती घरी आली तर टेबल अडलेलंच. पेट्या आईच्या शिवणाच्या दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि अण्णा त्यावर वाकलेले. "पहिल्या महिन्याचं वेळापत्रक लावतोय. तुझ्या ड्रायरपाशी माल तुंबतोय बघ."

थोरलीला हसू आवरेना. "एकदा बसवलेलं हलवायचं नसतं ना, अण्णा?"

"बसवलंय कुठं अजून?" अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ताट मांडीवर घेतलं.