मोगऱ्याचा फेस

अकरा महिने झाले, तरी अजून पहाटे पाच वाजता आमच्या पॅसेजमध्ये वेल्क्रो सुटल्याचा आवाज येतो. चर्र. माझा जयदीप पहिल्या शिफ्टला निघताना जॅकेटच्या मनगटाची पट्टी अशीच ओढायचा. मी उठून बघते, कोणी नसतं. खुंटी मोकळी असते. पण पाऊस असला की खुंटीखाली फरशी ओली लागते आणि तिला मोगऱ्याचा वास असतो. मी गुपचूप पुसून घेते. सांगू कुणाला? म्हणतील, शालनबाईचं डोकं फिरलं.

फिरलं तर फिरलं. त्याला कारण हाय.

जयदीप माझा एकुलता एक. पिंपळे सौदागरातनं रोज मोटारसायकलवर चाकणला कंपनीत जायचा. पावसासाठी त्यानं एक जाडजूड जॅकेट घेतलं होतं. होतं कापडाचंच, पण आत पाण्याचा थेंब जायचा न्हाई. खांद्याला, कोपराला, पाठीला आतनं पॅड. बायकोपेक्षा त्या जॅकेटचेच लाड जास्त. मला म्हणायचा, "आई, याला हात लावू नको. याचं धुणं वेगळं असतं, ते प्राजक्ताला कळतं." प्राजक्ता म्हणजे माझी सून. आता बोला! ज्याची दुपटी मी पवनेच्या पाण्यात धुतली, तो मला धुणं शिकवणार. माझं टाळकंच सरकायचं.

गेल्या पावसाळ्यात घामानं अन् धुरानं त्या जॅकेटला असा कुबट वास मारायला लागला की नाक धरून पॅसेजमधनं जावं लागायचं. प्राजक्ता माहेरी राजगुरुनगरला गेली होती. जयदीप कंपनीच्या कामाला तीन दिवस बाहेरगावी. मी म्हटलं, बघूच कसं वेगळं धुणं असतं. कडकडीत पाण्यात पावडर टाकून भिजवलं, ब्रशनं खसाखसा घासलं, हातात बळ होतं तेवढं पिळलं. आणि शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करायचं मोगऱ्याच्या वासाचं औषध ओतलं, दोन झाकणं जास्तीचंच. पोराच्या अंगाला मऊ लागावं म्हणून हो, दुसरं काय! रात्रभर पंख्याखाली वाळवलं आणि मुकाट्यानं खुंटीला अडकवून दिलं. कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यानं.

तो रात्री आला, पहाटे गेला. बाहेर धो धो पाऊस. चाकणच्या वाटेवर कुरुळीजवळ त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, बॅगेतला प्लास्टिकचा रेनकोट काढला, आणि तो अंगात घालत होता तेवढ्यात मागनं टेम्पो आला.

मयतीला आलेला जो तो एकच विचारायचा. एवढं भारी जॅकेट अंगात असताना पोरगा रेनकोट घालायला थांबला कशाला? मला ठाऊक होतं कशाला. जॅकेट गळायला लागलं होतं, आणि ते का गळतंय हे मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि गप बसले. अकरा महिने गपच होते.

पोलिसांनी जॅकेट पिशवीत घालून दिलं होतं. प्राजक्तानं ती पिशवी तशीच कपाटात ठेवली, उघडली न्हाई. गेल्या रविवारी सकाळी मात्र ती पिशवी घेऊन न्हाणीघरात गेली.

"आई, आमच्या चाकणच्या कंपनीची बस बंद झाली. उद्यापासून जयदीपची गाडी नेणार मी. पाऊस लागलाय, तर हे घालेन."

ही पण त्याच रस्त्यानं जाणार, तेच जॅकेट घालून? मी म्हटलं, "अगं, दुसरं घे. ते अपशकुनी हाय."

"काहीतरीच काय बोलता? कापड कसलं अपशकुनी?"

ती खाली बसली. एकेक पॅड काढून बाजूला ठेवलं, चेन लावल्या, पट्ट्या मिटवल्या. बादलीत कोमट पाणी घेतलं. नुसतं पाणी, बरं का. तिचं ते जॅकेट धुवायचं लिक्विड बाजूला तसंच सीलबंद. जॅकेट आत बुडवलं, हळूच दाबलं, आणि बादलीत फेस आला.

पांढरा, दाट फेस. साबणाचा थेंब न टाकता. पाठोपाठ मोगऱ्याचा वास सुटला, तोच, पहाटेच्या फरशीवरचा. वाटलं, पोरगा अकरा महिने त्या कापडात बसून होता आणि आता माझं नाव सांगायला बाहेर आला.

प्राजक्तानं पाणी ओतलं, दुसरं घेतलं. परत फेस. तिसरं, चौथं, सहावं. पिळत न्हाई, घासत न्हाई, नुसती तळव्यानं दाबते. सातव्या पाण्याला मी दाराशी उभं राहून म्हटलं, "पुरे की आता. निघालं असंल सगळं."

"नाही आई. साबण आणि ते मऊ करायचं औषध कापडात बसलं की ते पाणी पितं. सगळं निघेपर्यंत धुवायचं, मग सावलीत वाळवून वरून पाणी रोखायचा फवारा मारायचा. उद्या मला कोरडं जायचंय."

त्या मऊ करायच्या औषधाचं नाव मी काढलं नव्हतं. तिनं काढलं. पण तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई, भीतीनं कान बधिर झाले होते. एकच दिसत होतं, की फेस पुरता निघायचा न्हाई, पोरगी उद्या निघेल, भिजेल, कुरुळीला थांबेल. एक पोरगा घालवला, आता हिलाही घालवू? मी पुढं झाले आणि बादलीतनं ते जॅकेट ओढलं. पाणी सगळ्या अंगावर आलं.

"न्हाई घालायचं हे! तो फेस माझा हाय, पोरी. मीच धुतलं होतं ते. तुम्ही दोघं नव्हता तवा. माझ्या हातनं गेला जयदीप."

मी खाली बसले आणि रडले. मयतीला रडले नव्हते तेवढी रडले. वाटलं, ही आता उठून माहेरी जाईल, आणि जावंच तिनं.

प्राजक्तानं माझ्या हातातनं जॅकेट सोडवलं. नवं पाणी घेऊन परत बादलीत ठेवलं. म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"त्यानं फोन केला होता मला. रस्त्याच्या कडेला थांबून. म्हणाला, जॅकेट पाणी पितंय, बनियन भिजलं आणि मोगऱ्याचा घमघमाट सुटलाय, आईनं धुतलंय बघ. हसत होता, आई. मीच भडकले. म्हटलं, आल्यावर बोलतेच त्यांना, इतक्यांदा सांगून ऐकत नाहीत. तर म्हणाला, खबरदार. तिला एक शब्द बोलायचा नाही, तिनं मायेनं केलंय. शपथ घे माझी. मी घेईना. तो सोडेना. शेवटी घेतली, तेव्हा म्हणाला, आता रेनकोट घालतो, आणि फोन ठेवला."

तिनं बादलीतलं पाणी ओतलं. आठवं होतं. फेस आता थोडाच होता.

मी विचारलं, "किती वेळ बोलला गं?"

तिनं नववं पाणी घेतलं. मी परत विचारलं.

"असेल चार-पाच मिनिटं," ती म्हणाली. "मी ऐकतच नव्हते ना."

चार-पाच मिनिटं. फोन केला नसता तर रेनकोट चढवून तो केव्हाच पुढं गेला असता. तो टेम्पो आला तवा माझं पोरगं तिथं भर पावसात उभं होतं, ते मला कुणी बोलू नये म्हणून.