वीसपैकी चार

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझे बाबा शेजाऱ्यांना अजूनही सांगतात, "आमचा जयदीप गुरुग्रामला दिवसभर गेम खेळतो आणि वर पगार घेतो." खेळतो कसला, कपाळ. एकाच भिंतीवर दोनशे वेळा डोकं आपटायचं, कुठल्या कोपऱ्यातून गेममधला माणूस आरपार जातो ते बघायचं आणि नेमकं काय केल्यावर गेला ते लिहून काढायचं, हे आमचं काम. त्याला खेळाची आवड लागत नाही, चिकाटी लागते. आठ वर्षांत माझी चिकाटी संपत आली होती आणि तोरा तेवढा वाढला होता.

स्वरूपा आमच्याकडे सहा महिन्यांच्या करारावर आली. वडील फौजेत सुभेदार, घर कॅन्टोन्मेंटमध्ये. एका शुक्रवारी तिने चूक नोंदवली: आमच्या नव्या मोबाइल गेममध्ये नावेतून नदी ओलांडताना फोन आला, तर खेळणाऱ्याची आतापर्यंतची सगळी प्रगती पुसली जाते. तिला ते एकदाच दिसलं होतं. नदीचा तो भाग मीच तपासून 'ठीक' असा शेरा मारला होता. मला झोंबलं. सरळ सांगतो, झोंबलं.

आमच्याकडे रीत अशी की, एकाला दिसलेली चूक दुसऱ्याने वीस वेळा करून बघायची. एकदाही दिसली नाही, तर ती खोटी ठरवून बंद करायची. अशा तीन खोट्या नोंदी झाल्या की करार वाढत नाही. स्वरूपाच्या दोन झाल्या होत्या, आणि हे मला ठाऊक होतं.

मी नाव हाकली, मध्येच दुसऱ्या फोनवरून कॉल केला. काही झालं नाही. एका खेपेला चार मिनिटं लागत होती. चौथ्या खेपेनंतर मी 'वीस वेळा पाहिलं, पुन्हा घडत नाही' असं लिहून टाकलं आणि मेट्रो पकडली.

महिनाअखेरीस ती गेली. जाताना म्हणाली, "मला बिल्कुल साफ दिसलं होतं, दादा."

"होतं कधीकधी असं," मी म्हणालो. वडिलकीच्या सुरात.

गेम बाजारात आला आणि आठवड्याभरात तक्रारींचा ढीग पडला. सगळ्या नदीवरच्या. मी पुन्हा नाव हाकायला बसलो. सातव्या खेपेला सगळं पुसलं गेलं. आमचा मॅनेजर अनुराग, त्याला मी खरं काय ते सांगितलं, स्वरूपाला परत बोलवायला सांगितलं.

"छोड़ ना यार, उसकी जगह तो भर गई," तो म्हणाला.

मग मी तिला फोन केला. ती आता एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते.

"बरं झालं दादा, तुम्ही वीस वेळा बघितलंत," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "मला पटलं की माझी नजरच कच्ची आहे. या लाइनमध्ये पुन्हा अप्लायच केलं नाही मी."

मी सांगून टाकलं, "वीस नाही, चारच वेळा बघितलं होतं. चूक खरी होती."

मग तिने विचारलं, "आता कितव्यांदा दिसली?"

"सातव्यांदा."

"म्हणजे अजून तीनदा," ती म्हणाली. "बारा मिनिटं, दादा."