कार्बोरेटरचं गाळणं

पारोळ्याचे कांतीलालशेठ चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत. व्रत पाळायला ते तयार होते, लँडमास्टर तयार नव्हती. कापडाचं दुकान धुळ्याला, ताट पारोळ्याला आणि मध्ये बावीस मैल ही म्हातारी गाडी. चढ लागला की बैलगाडीवाले तिला सहानुभूतीनं वाट देत. शेठ दारात पोचत तेव्हा दिवे लागलेले असत, आणि त्यांच्या पत्नी तारादेवी वाढलेलं ताट दाखवून परत नेत.

शेवटी धुळ्याच्या अभिमन मिस्त्रीनं भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आणून बसवला. हवा गाळणारा जुना डबा त्यावर बसेना.

"उघडंच ऱ्हावू द्या भाऊ," अभिमन म्हणाला. "मोकळी हवा भेटी."

गाडी दोन दिवस हरणासारखी पळाली. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदीनं शेठना उशीर झाला. घरी येऊन बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरच्या तोंडाशी दिव्यावरच्या पाखरांचा खच. आत किती गेली, त्याचा हिशेब वरच होणार होता.

तारादेवींनी पाणी गाळायचं फडकं आणलं, दुहेरी केलं आणि त्या तोंडावर बांधलं.

तेव्हापासून गाडी काळा धूर ओकू लागली. चढावर तर ती पूर्वीपेक्षाही खचे. शेठ पुन्हा उपाशी झोपू लागले. अभिमननं प्लग काढले, काजळीनं काळे. पेट्रोलचा जेट बदलला, स्क्रू पाव आटा फिरवून कान लावला. गॅरेजात इंजिन सतारीसारखं वाजे. वाजणारच. गाळणं वापरलं की धुऊन वाळवायचं, हा घरचा शिरस्ता. त्यामुळे दिवसभर फडकं दुकानाच्या दोरीवर असे आणि निघताना पुन्हा गाडीला बांधलं जाई. हे मिस्त्रीला सांगावं असं शेठना कधी वाटलं नाही. पाणी गाळून पितो, हे तरी कोण सांगत फिरतं?

"आज मी संगे येस," अभिमन एकदा वैतागून म्हणाला आणि संध्याकाळी दुकानापाशी येऊन उभा राहिला. शेठनी दोरीवरचं फडकं काढलं, झटकलं आणि बांधायला घेतलं.

"हाई काय शे भाऊ?"

"गाळणं. जीवजंतू जायला नकोत."

अभिमननं फडक्याची दुहेरी घडी बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "तुम्ही नाकवर फडकं बांधीसन चढ चढी दखाडा."

"आमचे महाराज चढतात. तोंडावर मुंहपत्ती बांधून, अनवाणी."

"त्या महाराजना मांगे चार जण बशेल नही राहतस."

तरी फडकं सोडायला शेठ तयार नव्हते. जीव मारून वेळेवर जेवण्यापेक्षा उपास बरा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"भाऊ, आते कोठे शेतस किडा? त्या दिवा लागनात का निंघतस. तुम्ही फडकं बांधतस म्हनीसन उशीर व्हस, आनि उशीर व्हस म्हनीसन किडा भेटतस."

शेठ व्यापारी होते. तोट्याचं चक्र त्यांना चटकन कळत असे. त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

पारोळ्याला पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तारादेवी ताटाकडे न वळता आधी बॉनेटकडे गेल्या, कार्बोरेटरच्या तोंडात वाकून पाहिलं. धूळ होती. बाकी काही नाही.

शेठ जेवले. मऊ, गरम फुलके, वर तूप. अभिमनही जेवला. हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की धुळ्याची शेवटची एस.टी. गेली आहे.

"काळजी नको, मी सोडतो," शेठ म्हणाले.

बाहेर दिव्याभोवती पाखरं जमली होती. शेठनी खिशातून फडकं काढलं, दुहेरी केलं आणि नीट गाठ मारली. अभिमन शेजारी जाऊन बसला. बावीस मैल गाडी धूर सोडत, ठसकत, रांगत गेली. शेठना कसलीच घाई नव्हती. ते जेवले होते.