दोन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, मी धरणाच्या दरवाजाचे एक जुने कुलूप आहे. माझ्या कपाळावर हातोड्याचा खड्डा दिसतो ना? तो कसा पडला ते सांगते.

धरण राज्याचे, पण नदी पुढे दुसऱ्या राज्यात जाते. म्हणून माझी एक किल्ली राज्य सरकारकडे आणि दुसरी केंद्र सरकारकडे. दोन्ही लागल्याशिवाय मी उघडायचे नाही. कोणा एकाची मनमानी नको, एवढाच हेतू. मला घडवणारा कारागीर कुरकुरला होता, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि इथे एका कुलपात दोन सरकारं!" पण काम मात्र चोख केले त्याने.

पहिले दोन अभियंते भले होते. राज्याच्या बाई आणि केंद्राचे साहेब चहा संपवून यायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि किल्ल्या फिरवायचे. आधी कोणाची लागली, हे कोणी पाहिलेच नाही. पाहुणे माझे कौतुक करत. मीही फुगत असे, खोटे कशाला बोलू!

ते दोघे निवृत्त झाले. नवे दोघे आले तेव्हा दोन्ही सरकारांचे बिनसले होते. एका दुपारी पाणी भराभर चढले. दरवाजा लगेच थोडा उचलला नाही, तर नंतर साठलेले पाणी एकदम सोडावे लागणार होते. धरणाखाली नदीकाठच्या गल्लीत, दरवाजा चालवणाऱ्या आमच्या ऑपरेटरच्या धाकट्या बहिणीचे घर होते. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले.

"आधी राज्याची किल्ली. धरण तुमचं," केंद्राचे नवे साहेब म्हणाले.

"वा! म्हणजे उद्या खापर आमच्या डोक्यावर? आधी केंद्राची," राज्याच्या नव्या बाई म्हणाल्या.

नियमांचे पुस्तक उघडले. आधी कोण, हे त्यात कुठेच नव्हते. मग दोघांनी आपापल्या राजधानीला विचारले आणि उत्तराची वाट पाहत बसले. अहो, मला विचारायचे! मला काहीच फरक पडत नव्हता.

पाऊण तासाने ऑपरेटरने हातोडा उचलला. "नोकरी गेली खड्ड्यात! खाली माझी बहीण आहे." एक घाव बसला. दुसरा बसण्याआधी दोन्ही किल्ल्या माझ्यात होत्या.

साठलेले पाणी एकदम सुटले. शेजाऱ्यांनी सासऱ्यांची खाट उचलली होती. ती जिन्यापर्यंत पोचली नाही.

आता मी कार्यालयात काचेच्या कपाटात असते. परवा ऑपरेटर बहिणीला घेऊन आला. तिने वाकून माझ्याकडे पाहिले.

"दादा, आधी कोणाची किल्ली लागायची रे?"

"कोणाचीही चालली असती."

तिने काचेवर हात ठेवला. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला तेल नको, कौतुक नको. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती अशी एखादी किल्ली येईल. तेव्हा समोरच्याच्या खिशाकडे पाहत बसू नका. एक, दोन, तीन म्हणायला असा किती वेळ लागतो?