पुरावा क्रमांक सात

ज्या वर्षी थर्बरांच्या तान्ह्या मुलीचे, लॉरेनचे, चर्चमध्ये नाव ठेवले, त्या १९६१ सालच्या मे महिन्यात मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवले. मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, बोटाने फिरवायच्या तबकडीचा.

आमचे गाव अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगरात आहे. घरे एकमेकांपासून मैल मैल दूर. एल्डेन थर्बर गाई पाळायचा आणि मार्चमध्ये मेपलच्या झाडांना भोके पाडून रस काढायचा. तो रस साखरघरात दिवसभर आटवून पाक करायचा. त्याची बायको व्हर्ना भट्टीत लाकडे घालायची.

माझ्या तारेतून आवाजाबरोबर थोडी वीजही यायची. ती टेलिफोनच्या कचेरीतून यायची, घरातून नाही. त्यामुळे घरातले दिवे गेले तरी मी बोलायचो. १९७८ साली गोठ्याला आग लागली, तेव्हा घराची वीज आधी गेली. व्हर्नाने माझी तबकडी फिरवली आणि बंबवाले आले. एकतीस गाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी एल्डेनने मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाला, "गडी कामाचा निघाला." माझे कौतुक झाले ते तेवढेच. मला ते पुरले.

वीज गेली की डोंगरावरची माणसे एकमेकांना फोन करायची. आमच्या घरी फोन करायची पाळी शेजारच्या हॉलिस ब्रॅगची. तो विचारायचा, "आहात ना?" व्हर्ना म्हणायची, "आहोत." झाले. उत्तर आले नाही, तर बघायला जायचे. एकच सूट होती. रस वाहण्याच्या दिवसांत घंटा वाजून कोणी फोन उचलला नाही, तर काळजी करायची नाही. उकळता पाक सोडून फोनकडे कोणी धावत नाही. पाक करपतो.

लॉरेन लग्न करून कॅलिफोर्नियात गेली. २००७ साली इंटरनेटवरचा फोन विकणारा माणूस आमच्या दारात आला.

"मुलीशी कितीही बोला, बाई. मिनिटं मोजायला नकोत."

"आणि वीज गेली तर?" व्हर्नाने विचारले.

"आजकाल कुठे वीज जाते?"

एल्डेन हसला. "हा खालच्या शहरातला दिसतोय, व्हर्ना. पण तुझी पोरीशी बोलायची हौस फिटेल. बसव म्हणावं."

तो फोन घरच्या विजेवर चालायचा; वीज गेल्यावर लागणारी बॅटरी वेगळी मिळत असे. ते त्या माणसाने सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. त्याने टेबलावर पांढरा फोन ठेवला आणि माझी तार कापली. मला काढले असते तर भिंतीच्या कागदावर डाग दिसला असता, म्हणून मी राहिलो. व्हर्ना माझ्यावर हात पुसायचे फडके टाकू लागली.

२००९ च्या मार्चमध्ये दोन दिवस बर्फाचा पाऊस पडला. विजेच्या तारा तुटल्या, वीज गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. एल्डेन साखरघरात जायला निघाला. खुर्चीवर बसून बूट घालताना तो कलला आणि जमिनीवर पडला.

व्हर्नाने पांढरा फोन कानाला लावला. त्यात आवाज नव्हता. मोबाईलला आमच्या डोंगरात रेंज नव्हती. मग तिने फडके दूर करून मला उचलले. माझ्यातही आवाज नव्हता. तरी तिने तबकडी फिरवली. तातडीच्या मदतीचे तीन आकडे, तीन वेळा. मी नुसता फिरत राहिलो. तिने मला जागेवर ठेवले.

"एल्डेन, आलेच मी," ती म्हणाली. बुटांना लोखंडी दात बांधून ती बाहेर गेली. मी आणि एल्डेन स्वयंपाकघरात राहिलो.

हॉलिसकडे जुनी तार होती. तो सकाळपासून आम्हाला फोन करत होता. आमच्या घरात काहीच वाजत नव्हते, पण त्याच्या कानात घंटा वाजत होती. ती त्याला कंपनीचे कुठले तरी दूरचे यंत्र ऐकवत होते. माझी तार तुटल्यावर जशी शांतता व्हायची तशी झाली असती, तर तो तेव्हाच ट्रॅक्टर घेऊन आला असता. हे त्याने नंतर आमच्याच स्वयंपाकघरात सांगितले.

"रिंग जात होती, व्हर्ना. मला वाटलं, भट्टीवर असाल. मी बायकोला म्हणालो, बघ, थर्बर यंदाही आपल्या आधी पाक काढणार."

 हॉलिसच्या घरापर्यंतचा एक मैल बर्फातून चालायला व्हर्नाला दीड तास लागला होता.

त्याच वर्षी शरद ऋतूत राज्याच्या आयोगाने शाळेत सुनावणी ठेवली. इंटरनेटच्या फोनला राज्याचे टेलिफोनचे नियम लागू करावेत की नाही, हा प्रश्न होता. नियम लागू झाले तर कंपनीला घरोघरी बॅटरी द्यावी लागली असती आणि सेवा बंद पडली की राज्याला जाब द्यावा लागला असता. व्हर्नाने स्क्रू काढले, मला मांडीवर घेतले आणि पहिल्या रांगेत बसली.

कंपनीचा वकील सभ्य होता. "बाई, कायद्याने ही फोनसेवा नव्हे. ही माहितीसेवा आहे. हिच्यावर राज्याचा अधिकार चालत नाही."

"नवरा जमिनीवर पडलाय, एवढीच माहिती द्यायची होती मला," व्हर्ना म्हणाली.

मागून ओडेट मार्शां उठली. तिचे गावात पावाचे दुकान होते. "मला वाईट वाटतं, व्हर्ना. पण नियम लादले तर कंपनी डोंगर सोडून जाईल. माझा मुलगा सैन्यात आहे, जपानला. याच फोनवर रोज त्याचा आवाज ऐकते मी."

"ऐक की. मी कुठे फोन काढा म्हणतेय? वीज गेली तरी तो बोलला पाहिजे. नाही बोलला, तर कुणाच्या दारात जायचं ते मला माहीत पाहिजे."

ओडेट खाली बसली. कारकुनाने माझ्या दोरीला चिठ्ठी बांधली. पुरावा क्रमांक सात.

तेव्हापासून मी आयोगाच्या कोठीत फळीवर आहे. कंपनी कोर्टात गेली, कोर्टाने प्रकरण परत पाठवले, तारखा पडत राहिल्या. तीन वर्षांनी लॉरेन आली.

"आईचा फोन न्यायला आले. तिच्या वस्तूंबरोबर ठेवायचाय."

"प्रकरण चालू आहे, ताई. निकाल लागेपर्यंत देता येत नाही."

"ती शेवटपर्यंत विचारायची, प्रकरणाचं काय झालं म्हणून. काय सांगायचं तिला?"

कारकुनाने कागद चाळले. "तारीख पडलीय," तो म्हणाला. लॉरेनने मला हात लावला आणि ती गेली.

मित्रांनो, नवा फोन घ्या. त्यावर दूरच्या माणसांशी भरपूर बोला. पण बसवायला येणाऱ्याला आधी विचारा, वीज गेल्यावर हा बोलेल का, आणि नाही बोलला तर उत्तर कोण देईल. त्याने सांगेपर्यंत जुनी तार कापू देऊ नका.

प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही. एल्डेन थर्बर शनिवारी, १४ मार्च २००९ रोजी वारला. व्हर्ना थर्बर शुक्रवारी, २ नोव्हेंबर २०१२ रोजी वारली.