सळईचा हात

नवरा वाया गेला, हे केराबाईने ठरवून टाकलं होतं. पुरावा शोधायला लांब जायला नको होतं. तो रोज दुपारी गौरम्माच्या ओट्यावर बसलेला असायचा.

नातेपुत्याकडून सोलापुरात आलेलं हे धनगर जोडपं. मेंढरं सुटली, तरी लोकर काही सुटली नाही. केराबाईचा नवरा गुंडा जेवून उठायचा, घोंगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकायचा आणि शुक्रवार पेठेतून विकत हिंडायचा. पण हल्ली बोळ चढाला लागला की गौरम्माच्या दारात गाठोडं उतरायचं. गौरम्मा लिंगायताची विधवा, शेंगाचटणी कुटून विकणारी. उभा जन्म मेंढरांमागे माळ तुडवलेल्या गड्याला घरापासून हाकेच्या अंतरावर बसावंसं वाटतं, आणि तेही नेमकं तिथेच! घरी येताना तोंड लालबुंद, बंडीला कसलासा गोडसर, नासक्या फळासारखा वास. आता यात समजायचं काय राहिलं?

केराबाई रोज भाकरी ताटात आपटायची आणि गौरम्माच्या सात पिढ्या उद्धरायची. गुंडा खाली मान घालून जेवायचा. भांडणाऱ्या बाईला गप्प बसणाऱ्या नवऱ्याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही.

खुद्द केराबाईचं पेठेत नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. ती डाग द्यायची. आईकडून आलेली विद्या. मेंढरू लंगडलं, पोराचं पोट फुगलं, गड्याची कंबर धरली, दुखणं कुठलंही असो, सळई तीच. चुलीत लाल करायची आणि दुखत्या जागी टेकवायची. ओरडणाऱ्याला धरायला चार माणसं लागायची, पण केराबाईचा हात कधी हलला नाही. गुंडाच्या पाठीवर तिचे दोन डाग होते, पोटावर एक. पोटावरचा डाग चिघळला होता आणि गुंडा महिनाभर पालथा पडू शकला नव्हता. तेव्हापासून त्याचं कधी काही दुखलंच नव्हतं. नवऱ्याला आपला हात लागू पडला, असं केराबाई चारचौघींत मोठ्या तोऱ्याने सांगायची.

एके दिवशी धुवायला काढलेल्या बंडीच्या खिशात तिला कापडात गुंडाळलेल्या काचेच्या नाजूक नळ्या सापडल्या. बोटाएवढ्याही नव्हत्या. तिने एक चिरडून पाहिली. तोच वास! नाकात शिरताच तिचं डोकं ठणकलं, तोंड तापलं, काळीज धाडधाड उडायला लागलं. केराबाईला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. हे चेटूक होतं. रांडेने नवऱ्याला काहीतरी हुंगवून वश केलं होतं. तिने सगळ्या नळ्या जात्याखाली चिरडल्या, गटारात लोटून दिल्या आणि बंडी तशीच परत खुंटीला टांगली.

गुंडा जेवून उठला, बंडी चढवली, गाठोडं उचललं आणि उंबऱ्यातच थांबला. गाठोडं हातातून सुटलं. त्याने खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला.

केराबाई याच घडीची वाट पाहत होती. ‘‘काय हुडकताय? तिचं चेटूक? गटारात हाय. जावा, वेचा.’’

गुंडा भिंतीला धरून खाली बसला. तोंड राखेसारखं झालं, कपाळावरून घाम निथळू लागला. उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबून धरलेली, डावा हात लुळा पडल्यासारखा मांडीवर. छातीवर कुणी जातं ठेवलंय, असं तो कसंबसं म्हणाला.

आता मात्र केराबाईला दिसलं. हे सोंग नव्हतं, बाईचं वेडही नव्हतं. माणूस जायला लागला होता. तिचा राग उतरला नाही, पण त्याच्याखाली भीती शिरली. आणि तिच्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. सळई चुलीत गेली.

ती लाल सळई घेऊन वळली, तसा गुंडा हातांवर रेटत दाराकडे सरकू लागला. उठवत नव्हतं, तरी सरकत होता.

‘‘हलू नगा. छातीला एक डाग दिला की मोकळं हुतंय.’’

‘‘ह्येच्यापायीच सांगितलं न्हाय तुला,’’ सळईकडे बघत गुंडा म्हणाला. ‘‘गौरम्माकडं एक नळी हाय. तेवढी आण.’’

केराबाई धावत सुटली. सळई हातात तशीच होती. बोळातली माणसं बाजूला झाली. गौरम्माने तिला येताना पाहिलं आणि मुसळ उचललं. सवत समजून जाळायला आली, असंच तिला वाटलं, आणि तसं वाटायला केराबाईनेच महिनाभर शिव्या देऊन ठेवल्या होत्या.

‘‘त्येंची छाती धरलीया,’’ केराबाई म्हणाली. ‘‘नळी दे.’’

‘‘खिशातल्या कुटं गेल्या?’’

केराबाईने बोळातल्या गटाराकडे बोट दाखवलं. गौरम्माला कळलं. कानडी-मराठीत तिने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण बोलता बोलताच तिने कोनाड्यातली नळी काढली होती आणि केराबाईच्या पुढे धावत होती.

घरात शिरल्याबरोबर तिने नळी पदरात फोडली आणि गुंडाच्या नाकाशी धरली. तोंडावर लाली चढली. हळूहळू छातीवरची मूठ सैल झाली. केराबाई दारातच उभी होती, स्वतःच्या घरात परक्यासारखी.

‘‘माझा नवरा बसवराज याच दुखण्यानं त्या ओट्यावर गेला,’’ गौरम्मा म्हणाली. ‘‘चढ आला की असाच छाती धरून बसायचा. ह्याला तसंच बसताना बघितलं, म्हणून डाक्टरकडं नेलं. काळजाला रगत नेणाऱ्या शिरा आतून बुजल्यात म्हणं. ह्या हुंगायच्या नळ्या त्यानंच दिल्या, एक माझ्याकडं ठेवली. वझं बंद कर, जेवून चढ चढू नको, बायकोला सांग म्हणाला डाक्टर. सगळं करतो, तेवढं सांगत न्हाय म्हणाला ह्यो; पर वझं बी सुटलं न्हाय.’’

केराबाईने, उपकार झाले, असं काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला.

‘‘तुझ्यासाठी आले न्हाय मी,’’ गौरम्मा म्हणाली. ‘‘पुन्हा माझ्या ओट्याला पाय लावू नको.’’ आणि ती गेली. ते वैर पुढे कधी मिटलं नाही, मिटायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. या वेळी वाचला, पुढच्या वेळचा भरवसा नाही, म्हणाले. गाठोडं कायमचं बंद, पडून राहायचं, आणि काचेच्या नळ्या उशाशी. केराबाईने सगळं ऐकलं. सळई तिने त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली. डागायला पोरं घेऊन आलेल्या बायांना ती दारातूनच डॉक्टरकडे पिटाळू लागली.

गुंडा त्यानंतर जगला. अधूनमधून छाती धरायचा, आणि केराबाई नळी फोडून पदर पुढे करायची. पण ती जवळ आली की त्याची नजर पदराकडे जायची नाही. आधी तिच्या दुसऱ्या हाताकडे जायची. मग केराबाई त्याच्याकडे येताना तो हात उघडा, लांबूनच दिसेल असा पुढे धरून यायला लागली.